पाहुणे येतात, आपलं कोण जातं?

राजेहो, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

चिखलदऱ्याला पाहुण्यांची सवय आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की परतवाड्यापासून घाटात गाड्यांची रांग लागते. भुट्टेवाला, चहावाला, लॉजवाला सगळे खूश. ते झाले पर्यटक. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे बाराही महिने येतात. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि हातात वही नाहीतर टॅब. कोणी कुपोषणाचा अभ्यास करायला येतो, कोणी वाघाचा, कोणी व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या गावांचा, कोणी कोरकू भाषेचा. दिल्ली-मुंबईचे असतात, तसे परदेशातलेही असतात. बातमीदारीच्या निमित्तानं अशा कितीतरी जणांना मी गावं दाखवली आहेत. बहुतेक माणसं चांगली असतात. अंगणवाडीत खाली सतरंजीवर बसतात, लेकरांची वजनं करणाऱ्या ताईला प्रश्न विचारतात, दिलेला कोरा चहा पितात, फोटो काढतात आणि जातात. पुढं अहवाल निघतो. तो इंग्रजीत असतो आणि ज्या गावाबद्दल असतो त्या गावात पोचत नाही.

याला सगळीकडे ‘एक्स्चेंज व्हिजिट’ म्हणतात. एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण. म्हणून मी आपल्या तालुक्यातल्या शाळांमध्ये मास्तरांना एक साधा प्रश्न विचारत फिरलो. आपल्याकडचं एखादं कोरकू, गोंड, निहाल, गवळी पोट्टं परदेशातल्या एखाद्या घरात पाहुणं म्हणून राहून आलंय का? शिकायला, नोकरीला नव्हे. नुसतं पाहुणं म्हणून, त्यांच्या ताटात जेवून, त्यांच्या शाळेत बसून. बहुतेक ठिकाणी उत्तराऐवजी हसू मिळालं. एक गुरुजी म्हणाले, “भाऊ, आमचं पोट्टं अमरावतीला मुक्कामी राहिलं तरी लय झालं.”

ते गुरुजी खरं बोलले. पण वऱ्हाडाचा इतिहास असा नाही. तो आठवून द्यावा म्हणून हा खटाटोप.

आधी शब्द समजून घेऊ. इंग्रजीत याला ‘सिटिझन डिप्लोमसी’ म्हणतात. परराष्ट्र खात्याचे अधिकारी करतात ती मुत्सद्देगिरी. साधी माणसं एकमेकांच्या घरी राहून, एकमेकांची भाकरी खाऊन दोन देशांत जी ओळख तयार करतात ती लोकांची मुत्सद्देगिरी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये ‘पीपल टू पीपल’ नावानं याची मोहीम काढली. हा दुसऱ्या महायुद्धातला सेनापती माणूस. सरकारांनी युद्धं केली, आता लोकांना लोकांशी बोलू द्या, असा त्यांचा विचार. भगिनी शहरांची चळवळ त्यातूनच वाढली. मुंबई आणि लॉस एंजेलिस, पुणे आणि सॅन होजे अशा जोड्या आपण पेपरात वाचतो त्या याच. अमेरिकेत अशा बऱ्याच बिनसरकारी संस्था आहेत, ज्या वर्षभरात किती देशांचे पाहुणे आले, किती घरांनी त्यांना जेवायला बोलावलं, आपली किती मुलं बाहेर गेली, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढं मांडतात. आपल्याकडे पतसंस्थेचा ताळेबंद छापतात ना, तसा.

आता आपला ताळेबंद बघा.

आयझेनहॉवर बोलायच्या वीस वर्षं आधी अमरावतीच्या एका आखाड्यानं हे काम केलं होतं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी, म्हणजे अनंतराव आणि अंबादासपंत यांनी, १९१४ मध्ये ते सुरू केलं. हुतात्मा राजगुरूंनी तिथं व्यायामाचे धडे घेतले. याच मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेलं. ऑलिंपिक भरलं होतं. त्या निमित्तानं जगभरच्या शारीरिक शिक्षणवाल्यांसमोर या पोरांनी कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले. कबड्डी ऑलिंपिकच्या गावात पोचली ती अमरावतीच्या पायांनी, हे आजही खेळाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. याच बर्लिनमध्ये ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. ते सगळ्यांना पाठ आहे. अमरावतीचं पथक मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना माहीत नसतं.

विचार करा. देश ब्रिटिशांचा. तिजोरी त्यांची. परराष्ट्र खातंही त्यांचंच. गुलाम देशातल्या एका जिल्ह्याच्या गावातली पोरं समुद्र ओलांडून गेली ती स्वतःचं काही दाखवायला. कोणाची मदत मागायला नाही. पुढं १९४९ मध्ये स्वीडनमध्ये स्टॉकहोमला ‘लिंगियाड’ हा मोठा व्यायाम महोत्सव झाला, तिथंही मंडळाचं पथक गेलं.

या कथेला काळी बाजू आहे, तीही सांगतो. ते बर्लिन हिटलरचं होतं. पाहुणे यायचे म्हणून ज्यूंना हाकलणाऱ्या पाट्या त्या दिवसांपुरत्या रस्त्यांवरून काढल्या होत्या. शहर धुऊनपुसून ठेवलं होतं. खूप पाहुणे खूश होऊन परतले आणि तीन वर्षांत महायुद्ध पेटलं. पाहुण्याला यजमान दाखवतो तेवढंच दिसतं. हे मेळघाटात राहणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. मोठा माणूस येणार म्हटलं की आदल्या दिवशी अंगणवाडीला रंग लागतो आणि खाऊच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू दिसायला लागतात, हे आपण पाहिलेलं आहे. दोन दिवसांच्या दौऱ्यात खरं कळत नाही, मग तो बर्लिनचा असो नाहीतर सेमाडोहचा. त्यासाठी घरात राहावं लागतं. वर्षभर नाहीतर निदान काही आठवडे.

दुसरं उदाहरण मोझरीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला गेले. विश्वधर्म आणि विश्वशांतीची परिषद होती. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब पडून दहा वर्षं झाली होती. यावलीत जन्मलेला, शाळेत फारसा न रमलेला माणूस त्या देशात शांततेबद्दल बोलायला उभा राहिला आणि त्यानं खंजिरी वाजवून भजन म्हटलं. भाषांतरकाराला खंजिरीचं भाषांतर करायची गरज पडली नसेल. त्याच वर्षी ग्रामगीता प्रसिद्ध झाली. गावाबद्दल सगळ्यात बारकाईनं लिहिणारा माणूस आणि जपानला जाऊन जगाशी बोलणारा माणूस एकच होता. ‘आधी गाव बघा, मग जग’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तिसरं उदाहरण पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली. परत आल्यावर शिवाजी शिक्षण संस्था काढली. ती नसती तर आपल्यातले अर्धे लोक शिकले नसते. भाऊसाहेब पुढं केंद्रात कृषिमंत्री झाले. पण मला इथं सांगायचंय ते वेगळं. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संस्था उभी केली आणि तिच्यामार्फत १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला ११ डिसेंबरला राजेंद्रबाबू होते आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. तेच आयझेनहॉवर. ‘पीपल टू पीपल’वाले. अमेरिकेचं दालन होतं आणि रशियाचंही होतं. ते दोघं तेव्हा एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, आणि वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं दोघांना ट्रॅक्टर आणि बियाणं घेऊन एकाच मैदानावर आणलं. खेड्यातला शेतकरी ते बघायला बैलगाडीचा प्रदेश सोडून दिल्लीला गेला.

नागपूरचे डॉ. चोळकरही यात येतात. १९३८ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केला होता तेव्हा काँग्रेसनं पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण ते तिथंच १९४२ मध्ये गेले आणि त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला. पण त्या पाचांत आपल्या विदर्भाचाही एक माणूस होता.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कोणीही रिकाम्या हातानं गेलं नाही. आखाड्यानं कबड्डी नेली, महाराजांनी खंजिरी नेली, भाऊसाहेबांनी शेतकऱ्याचा प्रश्न नेला, डॉक्टरांनी औषधाची पेटी नेली. आणि देऊन आले म्हणून घेताही आलं. कबड्डीचंच बघा. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली. मग वर्षानुवर्षं सोनं आपलंच. २०१८ मध्ये इराणनं पुरुषांत आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं आणि बायकांत अंतिम सामन्यात. टीव्हीसमोर बसून लोक हळहळले. मला मात्र वाटलं की आता हा खेळ खरंच जगाचा झाला. आपण शिकवलेलं कोणीतरी आपल्यापेक्षा चांगलं करून दाखवलं, तेव्हा देवाणघेवाणीचा हिशेब पुरा झाला.

आता २०२५ कडे या. हे वर्ष जगभरातल्या अशा कार्यक्रमांना वाईट गेलं. फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं एक्स्चेंज कार्यक्रमांचा पैसा रोखला, तेव्हा परदेशात गेलेली मुलं आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्था मध्येच लटकल्या. मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या, जूनमध्ये परत सुरू केल्या, पण सोशल मीडिया तपासण्याची अट घालून. जूनमध्येच फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या मंडळातल्या जवळपास सगळ्या सदस्यांनी सरकारी हस्तक्षेप होतोय म्हणून राजीनामे दिले. फुलब्राइट म्हणजे लहान काम नाही. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० चा, म्हणजे आपण प्रजासत्ताक होऊन आठवडाच झाला होता. २००८ पासून तिचा खर्च दोन्ही सरकारं सारखा उचलतात, म्हणून नावही फुलब्राइट-नेहरू झालं.

“ते अमेरिकेचं भांडण, आपल्याला काय त्याचं?” असं कोणी म्हणेल. सांगतो. दार अरुंद होतं तेव्हा आधी कोण बाहेर राहतं? ज्याला दार कुठं आहे हेच माहीत नाही, तो. मुंबई-पुण्याचं पोरगं दुसरा देश शोधेल, दुसरी शिष्यवृत्ती शोधेल, काकाला फोन लावेल. आपल्या काटकुंभच्या, चुर्णीच्या, हतरूच्या पोराचा काका परतवाड्याला मिस्त्रीच्या हाताखाली आहे.

कार्यक्रम नाहीत असं नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाल्यावर तिथल्या काँग्रेसमध्ये दोन पक्षांचे सिनेटर केनेडी आणि लुगर एकत्र आले आणि शाळकरी मुलांसाठी ‘यस’ नावाचा कार्यक्रम निघाला. पंधरा ते सतरा वर्षांची मुलं वर्षभर अमेरिकेतल्या घरात राहतात, तिथल्या शाळेत जातात, आणि खर्च शिष्यवृत्तीतून होतो. भारत त्यात आहे. रोटरीचा युवा विनिमय जुना आहे. तिथं एक चांगला नियम आहे, तुमचं पोरगं जातं आणि तुमच्या गावात त्यांचं पोरगं येतं. एनसीसीचे कॅडेट दरवर्षी नेपाळ, व्हिएतनामसारख्या देशांत जातात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण जागा वर्षाला वीस, अख्ख्या देशासाठी. आणि ती पदवीच्या पुढची. तिथपर्यंत पोचायला आधी बारावीत टिकावं लागतं.

मग आपलं पोट्टं अडतं कुठं? मी मास्तरांशी, पालकांशी, दोन-तीन पोरांशीही बोललो. चार गोष्टी निघाल्या.

पहिली, कागद. पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा लागतो. आपल्याकडे कितीतरी लेकरं घरी जन्मली आणि तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली. त्यामुळं पटावर अर्ध्या वर्गाचा जन्म जूनचा. सध्याच्या मोठ्या मुलांना शाळेचा दाखला चालतो. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच लागणार आहे, दुसरं काही चालणार नाही. म्हणजे आज पाळण्यात आहे त्या लेकराचं पंधरा वर्षांनंतरचं विमान ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत अडकलेलं आहे. आशाताई, ग्रामसेवक, तुम्ही वाचत असाल तर ही ओळ परत वाचा.

दुसरी, इंग्रजी. मुलाखत इंग्रजीत असते. आपलं पोरगं घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजी त्याची चौथी भाषा. मुंबईच्या पोराची ती दुसरी, कधी पहिली. निवड करणाऱ्याला त्याचं अडखळणं दिसतं. तीन भाषांत तो रोज ये-जा करतो ते दिसत नाही.

तिसरी, भीती. दिवाळी-होळीनंतर अख्खं घर मजुरीला बाहेर पडतं. मजुरीला जाणं आणि परत न येणं यांचे अनुभव गावात आहेत. मुलगी असेल तर प्रश्नच नको. “तिकडं काही झालं तर आम्ही कोणाला विचारायचं?” हा एका आईचा प्रश्न. त्याला कुठल्याही माहितीपत्रकात उत्तर नाही. विश्वासाचा माणूस लागतो.

चौथी, माहिती. जाहिरात इंग्रजी वेबसाइटवर येते, मुदत संपते, मग आपल्याला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड मिळतो.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, कारण मीही तो रोज ऐकतो. “भाऊ, इथं लेकरं दगावतात, पावसाळ्यात गावं तुटतात, फोनला रेंज नाही, आणि तुम्ही परदेशाच्या गोष्टी काय करता?” आक्षेप खोटा नाही. दवाखाना पहिला, यात दुमत नाही. पण हेही बघा. १९९० च्या दशकापासून मेळघाट म्हटलं की जगाला एकच शब्द आठवतो, कुपोषण. तो शब्द आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिला. खराच लिहिला, त्यामुळं सरकार हललं, डॉक्टर आले, कोर्टानं विचारलं. पण आपल्यातला कोणी जगासमोर जाऊन ‘मी मेळघाटचा’ म्हणून दुसरं वाक्य बोललाच नाही. दुसरं वाक्य बोलणारा तयार करायचा तर आज पंधरा वर्षांच्या पोरावर काम करावं लागेल. दवाखाना आणि हे, दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. माणसं वेगळी आहेत, पैसा वेगळा आहे.

आणि आपल्या पोराकडं न्यायला काय आहे? फार मोठं आहे. कोरकू ही मुंडा भाषा. तिची सख्खी नाती मुंडारी, संताळीशी. त्याच्याही पलीकडं हे कुळ थेट कंबोडियाच्या ख्मेरपर्यंत, व्हिएतनामीपर्यंत जातं, आणि या अख्ख्या कुळाचं सगळ्यात पश्चिमेकडचं टोक म्हणजे आपली कोरकू. चारला कोरकूत ‘उफुन’. ख्मेरमध्ये ‘बुओन’, व्हिएतनामीत ‘बोन’. डोळ्याला कोरकूत ‘मेड’, व्हिएतनामीत ‘मात’. हजारो वर्षांपूर्वी फुटलेली वाट अजून ओळखू येते. चिखलदऱ्याच्या बाजारात लाकडाची मोळी घेऊन बसलेल्या आजीच्या तोंडात हे नातं आहे आणि आपल्या शाळेत कोरकू बोलल्यावर पोरं एकमेकांना चिडवतात. एनसीसीच्या पथकातून एखादं कोरकू पोरगं व्हिएतनामला गेलं आणि तिथल्या मुलांसोबत एक ते दहा मोजायला बसलं तर काय होईल, याचा विचार करून बघा. गदली-सुसून नाचायला त्याला नेऊ नका. म्हणजे त्याला नाचायचं असेल तर नाचू द्या. पण दरवेळी आदिवासी पोरगं म्हणजे पोशाख आणि नाच, हेही बंद करा. त्याला प्रश्न विचारू द्या. त्यानं तिथल्या घरात भांडी घासावी, वर्गात हात वर करावा, तिथल्या आजोबांना आपल्या कुला मामाची गोष्ट सांगावी. कुला म्हणजे वाघ, आणि आपण त्याला मामा म्हणतो. हे ऐकून वाघ वाचवणारी जगातली कुठलीही संस्था खुर्ची पुढं ओढून बसेल.

तर करायचं काय? माझ्याकडं मोठी योजना नाही. चार लहान गोष्टी आहेत.

१. सुरुवात अमरावतीपासून करू. तिथली दहा घरं, इथली दहा घरं. दिवाळीच्या सुट्टीत इथलं पोरगं तिथं आठ दिवस, उन्हाळ्यात तिथलं इथं आठ दिवस. नियम एकच, ज्या घरानं पाठवलं त्या घरानं ठेवून घ्यायचं. आमच्याकडे संडास नाही, गादी नाही, असं म्हणून मागं सरायचं नाही. होळीत आला तर पाहुण्याला फगवा मागायला सोबत न्यायचं.

२. पुढची पायरी ओडिशा. केंद्राच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. ओडिशात मुंडा कुळातल्या कितीतरी भाषा बोलतात. म्हणजे कोरकू पोरांसाठी ते मावशीचं घर. कॉलेजच्या प्राचार्यांनी, आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांनी हे कागदावर मागावं. मागितलं नाही तर कोणी देत नाही.

३. पासपोर्ट. अमरावतीला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अठरा वर्षांखालच्यांना फी हजार रुपये. दहा पोरांचे दहा हजार. आपल्याकडे एका वाढदिवसाच्या बॅनरबाजीत याहून जास्त जातात. पासपोर्ट हातात असला की पोरगं जाहिरात वाचायला लागतं, हे नक्की.

४. येणाऱ्या पाहुण्यांना विचारायचं. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पेसा कायद्यानं ग्रामसभेला मान आहे. अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येक संस्थेला ग्रामसभेनं दोन गोष्टी नम्रपणे सांगाव्या. तुमचा अहवाल मराठीत आणि कोरकूत गावात वाचून दाखवा. आणि तुमच्या पुढच्या कार्यक्रमात आमच्या एका पोराला जागा द्या. दहांतल्या आठांनी नाही म्हटलं तरी दोघं उरतात.

कोणी म्हणेल, गेलेलं पोरगं परत येईल का? सरकारी खर्चानं अशा कार्यक्रमात अमेरिकेला गेलेल्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षं मायदेशी परत येऊन राहावं लागतं, असा तिथलाच नियम आहे. पण मला नियमापेक्षा पंजाबरावांचा भरवसा जास्त वाटतो. ऑक्सफर्डहून माणूस परत आला तो अमरावतीला शाळा काढायला. परत येण्यासारखं काही गावात ठेवलं तर माणूस परत येतो, आणि नाही ठेवलं तर परतवाड्यालाही जाऊन येत नाही.

आता तुमचं काम. तुमच्या ओळखीत मेळघाटातलं नववी-दहावीचं पोरगं किंवा पोरगी असेल, जिला फार प्रश्न पडतात, जी वर्गात गप्प बसत नाही, तर तिच्या घरच्यांना विचारून मला इनबॉक्स करा. लेकरांची नावं कमेंटमध्ये टाकू नका. अमरावतीत, अकोल्यात, परतवाड्यात ज्यांच्या घरात आठ दिवस एक जास्तीचं ताट वाढता येईल त्यांनी मात्र कमेंटमध्ये ‘आमचं घर’ एवढं लिहा, गावाच्या नावासकट. पुढच्या रविवारी मी यादी करायला बसतो आहे.

इंग्रजी शिकवू शकणारे निवृत्त मास्तर असतील तर त्यांनाही टॅग करा. शनिवारचे दोन तास पुरतात.